भिंतीपलीकडचा कट्टा

उमरगा, १४ फेब्रुवारी २०२५

चि. उमाशंकर,

फोन केला की तुझ्या ऑफिसातली मुलगी उचलते आणि सर साइटवर आहेत म्हणते. सकाळी साइटवर, दुपारी साइटवर, रविवारीसुद्धा साइटवर. अख्खं हैदराबाद तू एकट्यानंच बांधायला घेतलंयस असं दिसतंय. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात पाकीट दिलं की दुसऱ्या दिवशी तुझ्या टेबलावर येतं, आणि पाकिटाला कुणी साइटवर आहेत म्हणून परत पाठवत नाही.

अप्पांना सोमवारी आपल्या दवाखान्यात दाखल केलं. आपल्या म्हणजे त्याच, ट्रस्टच्या, तू नकाशा काढलेल्या. आठवडाभर त्यांनी खोकला अंगावर काढला, तसेच आडतीवर जाऊन बसत होते, कुणाला बोलू दिलं नाही. सोमवारी सकाळी लिंगपूजेला बसले आणि बसल्या जागी धाप लागली. न्यूमोनिया आहे, आणि मूत्रपिंडही नीट काम करत नाही म्हणतात. डॉक्टर म्हणाले, सोलापूरला हलवू. त्यावर तोंडावरचा मास्क बाजूला सारून अप्पा म्हणाले, "सोलापूरला मी जायचा न्हाय. तुमची अव्वा त्याच रस्त्यानं गेली. मग ह्यो दवाखाना कशापायी उभा केला?"

अव्वा नळदुर्गच्या पुढं ॲम्ब्युलन्समध्ये गेली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. उमरग्यात धड दवाखाना असता तर ती वाचली असती, हे अप्पांनी मनाशी धरलं आणि पेठेतल्या लोकांना गोळा करून ट्रस्ट उभा केला. तू एक पैसा न घेता नकाशा काढलास, भर उन्हाळा पत्र्याच्या शेडमध्ये राहून पाया उठवून घेतलास. हे सगळं तुला मी का सांगतेय? तुला माहीत आहे. पण कधीकधी वाटतं, एवढं तू विसरलास आणि पुढचं भांडण तेवढं लक्षात ठेवलंस.

ते आयसीयूत आहेत, पूर्वेच्या बाजूला, सहा नंबरचा बेड. आम्हाला सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ आत सोडतात, तेही एकेकाला. बाकीचा वेळ मी आणि तुझे दाजी मागं जनरेटरच्या शेडजवळ बसतो, कारण आत नातेवाइकांना बसायला जागाच नाही. एक बाक आहे तो बिलाच्या खिडकीसमोर, त्यावर जरा टेकलं की वॉचमन उठवतो. शाळेतून मी रजा टाकलीय. सातवीची मुलं खुश असतील.

तुझी आठवण काढतात असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण ते तुझं नाव घेत नाहीत. मीही घेत नाही. तरी तू ये. रस्ता आता चौपदरी झालाय.

तुझी
महेश्वरी अक्का


उमरगा, १८ फेब्रुवारी २०२५

चि. उमाशंकर,

पहिलं पाकीट पोचल्याचं ट्रॅव्हल्सवाल्यानं सांगितलं. तुझ्या ऑफिसातल्या मुलीनं सही करून घेतलं म्हणे. तेव्हा मिळालं नाही असं आता म्हणता येणार नाही.

अप्पांचं एक वेगळंच सुरू झालंय. लिंगपूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा घोट घेत नाहीत हे तुला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी सिस्टरांनी गळ्यातलं लिंग काढून द्या म्हटलं तर त्यांनी मूठच उघडली नाही, शेवटी राहू दिलं. पण त्या खोलीला खिडकी नाही. चारी बाजूंना पांढऱ्या टाइल्स, वर ट्यूबलाइट, ती कधी बंद होत नाही. घड्याळ आहे ते त्यांच्या डोक्यामागं. त्यामुळं डोळा लागून उघडला की त्यांना वाटतं, आत्ता उजाडायला लागलंय. मग विभूती मागतात, डाव्या तळहातावर लिंग घेतात, पूजा करतात, नमस्कार करून पडतात. जरा वेळानं पुन्हा जाग येते आणि पुन्हा सकाळ. सिस्टर जेवण घेऊन येते तेव्हा पूजा नेमकी व्हायची असते. "आदी पूजा, मग अन्न," म्हणतात आणि तोंड मिटून घेतात. एका दिवसात त्यांच्या कितीतरी सकाळी होतात आणि दुपार एकदाही होत नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. आडतीवर कुणी दहा मिनिटं उशिरा आला तरी फैलावर घेणारा माणूस, आणि त्याला वेळ कळत नाही. मग समजलं की त्यांच्या पोटात काहीच जात नाहीये. नाकातून नळी घातली, ती त्यांनी ओढून काढली. काल मी आत गेले तर दोन्ही हात खाटेला पट्टीनं बांधलेले. लिंग छातीवर पडलं होतं आणि हात तिथवर पोचत नव्हता. मला बघून म्हणाले, "महेश्वरी, उजाडलं का गं?" मी म्हटलं, "अप्पा, संध्याकाळचे पाच वाजलेत." मी थट्टा करतेय असं वाटलं त्यांना. "मग ऊन कुठाय?" म्हणाले.

मी सिस्टरवर भडकले. दीपमाला तिचं नाव, ढोकीकडची आहे. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, मलाबी ग्वाड वाटत न्हाय. पण माझं टेबल तिकडं कोपऱ्यात, आन मधी ह्यो खांब. सहा नंबर मला तिथनं दिसतच न्हाय. मी दुसऱ्या पेशंटपाशी आसले आन आजोबांनी ऑक्सिजन उपसला तर काय करू? दिसत आसतं तर म्या हात बांधलं नसतं." ती बिचारी सकाळी आत शिरते ती बाहेर आभाळ आलंय की ऊन पडलंय हे तिला घरी जाताना कळतं. डबा कपडे बदलायच्या खोलीत उभ्यानं खाते. तिच्यावर ओरडून मला काहीच मिळालं नाही.

तुझ्या नकाशात टेबल मधोमध होतं. आपल्या जेवणाच्या खोलीत फरशीवर तू वाट्या मांडून दाखवलं होतंस मला. ही सिस्टर, हे बेड, तिनं मान वळवली की सगळे दिसले पाहिजेत. पूर्वेला बेडच्या उंचीवर खिडक्या, खिडक्यांबाहेर पडवी आणि पडवीला लांबलचक कट्टा. पेशंटला आपली माणसं दिसतील, माणसांना पेशंट, मधे काच. मग कमिटीनं टेबल कोपऱ्यात सारून आणखी बेड बसवले, आणि पडवी बंद करून औषधाच्या दुकानाला दिली, भाड्यातून पगार निघतील म्हणून. अध्यक्ष म्हणून सही अप्पांची. "कट्टा ठिवला तर दवाखान्याची धर्मशाळा हुईल. लोकं सैपाक करतील, चड्ड्या वाळत घालतील," असं म्हणाले होते. आणि तू म्हणालास, "अप्पा, एक दिवस तुम्ही त्या खाटेवर पडाल, तेव्हा कळेल." सगळ्या कमिटीसमोर. त्यानंतर उद्घाटनाला तू आला नाहीस, आणि घरीही नाही.

लोक सैपाक करतातच, उमाशंकर. पडवीत नाही, मागच्या गटारीशेजारी दगड मांडून. चड्ड्याही वाळतात, जनरेटरच्या जाळीवर. माणूस आत पडलेला असताना घरची कुठं जातील?

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते तुझं नाव घेतात. मला रोज विचारतात, उमाशंकर बाहेर बसलाय का.

महेश्वरी अक्का


उमरगा, २१ फेब्रुवारी २०२५

चि. उमाशंकर,

दाजींच्या फोनवर तुझा निरोप आला. निरोप कसला, नकाशाचा फोटो, त्यावर लाल गोल आणि खाली लिहिलेलं, "सहा नंबरला लागून खिडकी होती. चार इंची वीट भरून बुजवली असणार. पलीकडे औषधाचं गोडाऊन. आवाज जाईल." अप्पा कसे आहेत, अक्का तू कशी आहेस, काही नाही. वीट किती इंची ते मात्र बरोबर. मी तो फोन आपटणारच होते. दाजी म्हणाले, "आगं, फोन माझा हाय."

रागारागातच औषधाच्या दुकानात गेले. दुकान बिराप्पा चालवतो, मुरूमचा आहे, चाळिशीचा, शांत माणूस. त्याला फोटो दाखवला. त्यानं मला मागं गोडाऊनात नेलं आणि सलाइनच्या खोक्यांची थप्पी बाजूला केली. भिंतीत खिडकीची चौकट अजून कळते, गिलाव्याला चारी बाजूंनी चीर गेलीय. खाली तुझा कट्टा आहे तसाच आहे, शहाबादी फरशीचा, त्यावर आणखी खोकी. मी खोकी सरकवून त्यावर बसले. सांगू का, त्या इमारतीत मला पहिल्यांदाच बसायला जागा मिळाली.

एसीचा पाइप आत जातो तिथं भिंतीला भोक आहे, त्यात चिंध्या कोंबलेल्या. बिराप्पानं त्या ओढून काढल्या आणि आतलं मशीन वाजताना ऐकू यायला लागलं. मग अप्पांचा आवाज. पूजा पुटपुटत होते.

मी म्हटलं, "अप्पा."

पुटपुटणं थांबलं. "कोण, महेश्वरी? कुठं हैस?"

"बाहेर कट्ट्यावर बसलेय, अप्पा."

हे खोटं नव्हतं. त्यांनी तो शब्द परत म्हटला, कट्ट्यावर. मग विचारलं, "तिकडं ऊन आलं का?"

गोडाऊनात एक पिवळा दिवा होता आणि औषधांचा वास. मी म्हटलं, "आलंय. डोक्यावर आलंय ऊन. तुमची पूजा झाली, आता जेवायची वेळ झाली."

"झाली का माझी पूजा?"

"झाली. मी इथनं बघितली."

दीपमालाला मी आधी सांगून ठेवलं होतं. तिनं पट्ट्या सोडल्या आणि वरणभात कालवून भरवला. अप्पा जेवले, सगळी वाटी. मी इकडं पदराचा बोळा तोंडात धरून रडत होते. बिराप्पा पुढं दुकानात जाऊन गिऱ्हाइकं बघत राहिला.

तेव्हा तुझी खिडकी कामाला आली, एवढं कळवायला हे पत्र. मला तुझा राग आहे, आणि तुझे उपकारही आहेत, दोन्ही एकाच दिवशी. आता तू ये.

महेश्वरी अक्का


उमरगा, २५ फेब्रुवारी २०२५

चि. उमाशंकर,

सकाळी गोडाऊनात जाऊन मी उजाडलं म्हणून सांगते, दुपारी ऊन डोक्यावर आलं म्हणते, संध्याकाळी दिवे लागले म्हणते. अप्पांना ते पटतं. सकाळची पूजा सकाळी होते, रात्री झोपतात. हात कुणी बांधत नाही. पण मूत्रपिंड साथ देत नाही. काल डॉक्टर माझ्याशी बोलले आणि बोलताना सगळा वेळ खाली बघत होते. डायलिसिसचं मशीन लावू नका म्हणून अप्पांनी स्वतःच सांगून टाकलंय.

ती पडवी आहेच, असं आता त्यांनी धरलंय. परवा मी आत गेले तर मला म्हणाले, "तू आत कशाला आलीस? भाईर उमाशंकर एकटाच बसला आसंल. त्याला च्या दे." मी म्हटलं, तो कामात आहे, हैदराबादला. "न्हाय, आलाय. कट्टा त्येनं बांधला, त्यो कसा यायचा न्हाय?" सही आपण केली हे ते विसरलेत. किंवा विसरले नसतील, मला काही कळत नाही.

काल दुपारी मी गोडाऊनात बसले होते. भिंतीतून म्हणाले, "उमाशंकरला बोलाव. मला त्याच्यासंगं बोलायचंय." मी म्हटलं, चहाला गेलाय. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, मी म्हटलं, फोनवर आहे. मग विचारायचे थांबले. दीपमाला आतून म्हणाली, "मॅडम, घास घेईना झालेत." त्यानंतर मी जे केलं ते तुला सांगायलाच हवं, कारण ते तुझ्या नावानं केलंय.

बिराप्पाला मी भोकापाशी बसवलं. त्याचा आवाज जाडसर आहे, थोडा तुझ्यासारखा. तो तयार नव्हता. "ताई, बापाला फसवायचं म्हंजी लई वाईट. माझा बाप म्या ह्या खांद्यावरनं न्हेलाय." मी त्याला हात जोडले. तेव्हा तो भिंतीशी वाकून म्हणाला, "अप्पा, म्या आलोय."

तू कधी 'म्या' म्हणत नाहीस. पण अप्पांना त्याचं काही नव्हतं.

"आलास, मगा?" म्हणाले.

तू लहान होतास तेव्हा तुला लेका न म्हणता कन्नडात मगा म्हणायचे, आठवतं का? तू हायस्कुलात गेलास तसं ते बंद झालं.

"आलो, अप्पा."

"जेवलास?"

"व्हय."

"उन्हात बसू नको. आत ये."

बिराप्पानं माझ्याकडं बघितलं. त्या भिंतीत दार नाही. मी मान हलवली, व्हय म्हणून की न्हाय म्हणून ते मलाही सांगता येणार नाही. तो म्हणाला, "येतो, अप्पा."

त्यांनी वाटी मागून घेतली आणि जेवले. बिराप्पा पुढं जाऊन दुकानाचं शटर अर्धं ओढून बसला. आज माझ्याशी धड बोलला नाही. पुन्हा हे जमणार नाही म्हणाला, आणि मीही त्याला पुन्हा सांगणार नाही.

अप्पा आता तुझी वाट बघतायत, भिंतीकडं तोंड करून कुशीवर पडलेले. तू रागानं येत नाहीस असं आम्ही सगळे धरून होतो. मला आता तसं वाटत नाही. तू जे बोललास ते खरं झालं, आणि त्या खाटेपाशी उभं राहायला तुला धीर होत नाही. पण उमाशंकर, त्यांच्या तोंडी त्या भांडणाचा शब्दही नाही. त्यांना तू उन्हात बसलायस याचीच काळजी आहे.

उद्या शिवरात्र. उद्या ये. भेटीची वेळ नसली तरी आत सोडीन, असं दीपमाला म्हणालीय.

महेश्वरी अक्का


उमरगा, ९ मार्च २०२५

चि. उमाशंकर,

शिवप्रियाचा फोन आला होता. तुझी बायको निदान फोन उचलते आणि करतेही. तिनं सांगितलं की शिवरात्रीला तू निघाला होतास. हुमनाबादपर्यंत आलास, तिथं धाब्यावर गाडी लावून दुपारभर बसलास आणि मागं फिरलास. घरी जाऊन पोट दुखतंय म्हणालास. हे मला कळलं नसतं तर बरं झालं असतं. तू निघालाच नाहीस असं धरून मी तुझ्यावर चांगली चिडले होते, आणि त्या चिडण्याचा मला आधार होता.

अप्पा अठ्ठावीस तारखेला गेले. मी नेहमीसारखी सकाळी गोडाऊनात गेले, कट्ट्यावर बसले आणि म्हटलं, "अप्पा, उजाडलं. छान ऊन पडलंय." उत्तर आलं नाही. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. मग दीपमालाचा आवाज आला, "मॅडम, तुम्ही आत या." तिची ड्युटी नुकतीच सुरू झाली होती. मला त्या भोकातून कळलं.

पहाटे कधीतरी झोपेत गेले असतील. ते छातीवरच्या वायरी सारख्या काढायचे, म्हणून त्यांचं मशीन वाजलं तरी धावायची सवय कुणाला राहिली नव्हती, आणि टेबलापासून बेड दिसत नव्हता. दीपमालानं बघितल्यावर फोन केला होता मला. आम्ही जनरेटरपाशी होतो, लाइट गेल्यामुळं तो धडाडत होता, मला ऐकू आला नाही. तिचा दोष नाही, माझाही नाही. सारखं हेच म्हणत असते आणि तरी मन ऐकत नाही.

आपल्यात बसवून समाधी देतात. घरी आणून भिंतीला टेकवून बसवायला घेतलं, तर पायांची घडी झाली पण मान सरळ होईना. डाव्या अंगाला वळलेली, तशीच ताठरली होती. महांतप्पा स्वामींनी कोमट पाण्यानं शेकली, तेल लावून चोळली, कपाळाला पांढरं कापड बांधून मागं खिळ्याला ताणलं. हात सोडला की पुन्हा वळायची. भजन चाललं होतं आणि येणारा जाणारा विचारत होता, मान अशी कशी? मी सांगितलं, झोपेत वळली. सजवलेल्या विमानात तसेच बसवले आणि खांद्यावरून पेठेतून नेले, एका बाजूच्या दुकानांकडं बघत. अशी कुणाची मिरवणूक मी पाहिली नाही. डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. समाधीत उतरवल्यावर स्वामींनी अंगच जरा तिरकं बसवलं, म्हणजे तोंड समोर आलं.

माती द्यायला मुलगा नव्हता. बिराप्पा आला होता. त्यानं मूठभर माती टाकली, मग मागं जाऊन उभा राहिला आणि डोळे पुसत होता. लोकांना वाटलं, औषधवाल्याचा अप्पांवर फार जीव.

परवा ट्रस्टची शोकसभा झाली. आयसीयूला अप्पांचं नाव द्यायचा ठराव मांडला. मी उठून म्हटलं, नाव नको, खिडक्या द्या. गुरुलिंग मामा म्हणाले, भाड्याचं काय करायचं ते बघू, पण मूळ नकाशा ट्रस्टकडं राहिलेला नाही, तो उमाशंकरकडंच असेल. तेव्हा तो पाठव. फोटो नको, कागद पाठव, आणि भिंत पाडायच्या दिवशी जमलं तर ये. मी आता बोलावण्यासाठी पत्र लिहिणार नाही.

एक गोष्ट मी कुणाला बोलले नाही, तुझ्या दाजींनाही नाही. बिराप्पा बोलल्यापासून पुढं मी जेव्हा जेव्हा आत गेले, अप्पा माझ्याकडं वळले नाहीत. मी पाय चेपले, पाणी पाजलं, नाव सांगितलं. "तुझा भाऊ यायलाय," म्हणायचे आणि भिंतीकडंच बघत राहायचे. मला त्यांची पाठ आठवते, हाडं वर आलेली, गाउनच्या नाड्या सुटलेल्या. त्या मी बांधायचे. तू तिकडं आहेस हे मीच त्यांना पटवलं होतं, तेव्हा तक्रार तरी कुणाकडं करू?

हुमनाबादहून तू पुढं आला असतास तर दारातूनच आत आला असतास. त्यांनी दाराकडं तोंड केलं असतं. मी तिथंच उभी होते.

अक्का